करक्युमिनचे लायपोसोम: ‘९८ टक्के औषध आत’ या आकड्यावर विश्वास ठेवावा का?

फ्लास्क_फिरता

मंडळी, एम. फार्म.च्या प्रकल्पात हळदीतलं करक्युमिन लायपोसोममध्ये, म्हणजे लिपिडच्या (स्निग्ध पदार्थाच्या) पडद्याच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत, भरतोय; त्याचे आकडे मांडतोय. जाणकारांनी बिनधास्त चिरफाड करावी.

सोया लेसिथिन १०० मिग्रॅ, कोलेस्टेरॉल २५ मिग्रॅ, करक्युमिन १० मिग्रॅ. (सांगली तासाभरावर असली तरी हळद किसून घातलेली नाही, बाटलीतलं ९५ टक्क्यांचं आहे.) क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१, एकूण १० मिलि, २५० मिलिचा गोल बुडाचा फ्लास्क, रोटरीवर (फ्लास्क फिरवत द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) ४० अंश, मिनिटाला ६० फेरे. फिल्म (काचेवरचा लिपिडचा पातळ थर) धरल्यावर लगेच १० मिलि फॉस्फेट बफर, पीएच ७.४, अर्धा तास फिरवलं, मग बाथ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी कण फोडणाऱ्या यंत्रात) ५ मिनिटं.

डीएलएस (उजेडाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार): १३८० नॅनोमीटर, पीडीआय (आकारांत किती फरक) ०.७८. झेटा (कणांवरच्या विद्युतभाराचं माप): उणे ४.
एन्ट्रॅपमेंट (किती औषध लायपोसोममध्ये शिरलं): १०,००० फेऱ्यांना १० मिनिटं सेंट्रिफ्यूज, वरच्या निवळीत ४२५ नॅनोमीटरला जवळपास काहीच नाही, म्हणून ९८ टक्के औषध आत.

आकार मोठा आलाय हे कळतंय, पण ९८ टक्के भारी आहे ना?

तांबडा_पांढरा

भावा, ९८ टक्क्यांचा आनंद जरा बाजूला ठेव.

करक्युमिन पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. जे लायपोसोमच्या पडद्यात शिरलं नाही ते निवळीत राहणार नाही, त्याचे बारीक स्फटिक होऊन तळाला बसणार. म्हणजे तळाच्या गाळात लायपोसोमही आहेत आणि मोकळं करक्युमिनही. तू निवळी मोजलीस, ती रिकामी निघाली आणि उरलेलं सगळं ‘आत’ धरलंस. लायपोसोम अजिबात न घालता नुसतं करक्युमिन बफरमध्ये हलवून हीच चाचणी लाव, तेव्हाही ९८ येतील. हे करूनच बघ, एक नळी खर्च होईल.

पाण्यात विरघळणाऱ्या औषधाला ही रीत चालते. तिथे मोकळं औषध खरंच निवळीत राहतं. न विरघळणाऱ्याला उलटं जायचं:

आधी आकार १००-१५० नॅनोमीटरपर्यंत उतरव. मग मंद गतीने, ३,००० फेऱ्यांना १० मिनिटं. एवढ्या लहान लायपोसोमना ही गती खाली बसवू शकत नाही, ते वर तरंगत राहतात आणि स्फटिक तळाला पिवळ्या टिकलीसारखे बसतात. वरचा भाग अलगद काढ, मिथेनॉलमध्ये फोड, मोज. हे झालं आतलं. तळाची टिकली वेगळी मिथेनॉलमध्ये विरघळव, मोज. हे झालं बाहेरचं. दोन्हींची बेरीज घातलेल्या औषधाच्या ९५ ते १०५ टक्क्यांत बसली तरच आकडा प्रबंधात लिहायचा. बेरीज ७० आली तर ३० टक्के फ्लास्कच्या काचेला चिकटलंय किंवा बफरमध्ये मेलंय.

१३८० नॅनोमीटरच्या मालाला हे लावू नकोस. एवढे जाडे लायपोसोम ३,००० ला सुद्धा निम्मे-शिम्मे खाली येतात आणि परत सगळी खिचडी.

पंचगंगा_घाट

+१. त्यात माझी भर.

१) औषध फार घातलंय. लेसिथिनचा रेणुभार साधारण ७७५ धरला तर १०० मिग्रॅ म्हणजे १२९ मायक्रोमोल. करक्युमिन ३६८, म्हणजे १० मिग्रॅचे २७ मायक्रोमोल. पाच लिपिड रेणूंमागे एक करक्युमिन! पडदा एवढं पोटात ठेवत नाही, त्यात कोलेस्टेरॉलही तीच जागा मागतंय. १:१५ ते १:२० वर या, म्हणजे अडीच ते तीन मिग्रॅ.

२) बफर चुकला. करक्युमिनला ७.४ पीएच सोसत नाही. ३७ अंशाला साध्या फॉस्फेट बफरमध्ये अर्ध्या तासात बहुतेक सगळं तुटतं. पडद्यात बसलेलं बऱ्यापैकी वाचतं, मोकळं मरतं. पीएच ५.५ ते ६ चा सायट्रेट बफर, १० मिलिमोलर, एवढ्यावर काम भागतं. आणि फ्लास्कला फॉईल. उजेडाचं आणि करक्युमिनचं वैर आहे.

३) झेटा उणे ४ हा तुमच्या लायपोसोमचा आकडा नाही, तुमच्या मिठाचा आहे. फॉस्फेट बफरमधले आयन कणाभोवती गर्दी करतात आणि विद्युतभार झाकून टाकतात. १० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये पातळ करून परत घ्या, आणि प्रबंधात कशात मोजलं ते लिहा. माध्यम न लिहिलेल्या झेटाला अर्थ नाही.

रोटरी_राणी

फिल्मबद्दल कोणीच बोललं नाही. निम्मी बिघाडी तिथेच आहे.

‘फिल्म धरल्यावर लगेच बफर’ हे वाक्य वाचून कपाळावर हात मारला. डोळ्यांना कोरडी दिसणारी फिल्म आतून ओली असते. पूर्ण व्हॅक्यूमवर अजून अर्धा तास फिरवा, मग रात्रभर व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये. क्लोरोफॉर्मची औषधातली मर्यादा दशलक्षात ६० भाग आहे, मिथेनॉलची ३०००. क्लोरोफॉर्म राहिला तर विषाचा प्रश्न वेगळा, पडदाच ढिला पडतो आणि औषध गळतं.

व्हॅक्यूम एकदम लावू नका. द्रावण उसळतं, फिल्म गळ्यापर्यंत चढते आणि बफर तिथे पोचत नाही. हळूहळू खाली न्या, फेरे ८०-१०० ठेवा. नीट धरलेली फिल्म कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी दिसते, एकसारखी आणि अर्धपारदर्शक. तुमची पिवळी दिसेल. तिच्यात नारिंगी ठिपके दिसले तर करक्युमिन फिल्ममध्येच वेगळं झालंय, पुढे जाण्यात अर्थ नाही. औषध कमी करून पुन्हा.

पाण्याच्या जेटवर चालणारा व्हॅक्यूम असेल तर मध्ये ट्रॅपची बाटली हवीच. नळाचा दाब पडला किंवा लाइट गेली की पाणी उलटं फ्लास्ककडे ओढलं जातं आणि सकाळपासूनचं काम गेलं पंचगंगेत.

हायड्रेशन करताना (फिल्म बफरने भिजवताना) ३-४ मिलिमीटरचे पाच-सात काचेचे मणी टाका. भिंतीला चिकटलेली फिल्म सुटायला याइतका स्वस्त उपाय नाही.

फ्लास्क_फिरता

बापरे. एकेक करून घेतो. लेसिथिन कुठलं घ्यायचं? इथे एका दुकानात किलोभर स्वस्तात मिळतंय.

पंचगंगा_घाट

किलोभर स्वस्तात मिळतं ते बेकरीवाल्यांचं. मधासारखं घट्ट, तपकिरी, तेलासकट आलेलं. त्यात फॉस्फॅटिडिलकोलीन (आपल्याला हवं ते पडदा बनवणारं लिपिड) थोडं, बाकी इतर फॉस्फोलिपिड आणि सोयाबीन तेल. तेलाचे थेंब लायपोसोमच्या जोडीला तरंगतात, करक्युमिन त्यांच्यात मजेत विरघळतं, आणि डीएलएसला दोघांतला फरक कळत नाही. ९० टक्क्यांच्या वरचं शुद्ध केलेलं घ्या, ५ ग्रॅमची बाटली पुरे.

उणे २० अंशांत ठेवा. काढल्यावर डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच झाकण उघडा. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत थंड बाटली उघडली की आत दव धरलंच. लेसिथिन पाणी शोषतं, वजन खोटं येतं, आणि सोयाच्या असंपृक्त साखळ्या हवेने खवट होतात. शक्य असेल तर बंद करताना नायट्रोजन फुंका.

तांबडा_पांढरा

आता आकार. पीडीआय ०.७ च्या वर गेला की डीएलएसचा सरासरी आकडा वाचूच नये, यंत्र नाइलाजाने काहीतरी छापतं. ०.२ च्या आत छान, ०.३ पर्यंत चालेल. लक्षात ठेव, लहान कणांच्या हद्दीत दुप्पट व्यासाचा कण ६४ पट उजेड फेकतो. चार जाडे कण शंभर बारक्यांना झाकून टाकतात. नमुना गाळलेल्या पाण्याने पातळ कर, अंधुक निळसर झाक उरेपर्यंत. क्युवेटमध्ये बुडबुडा नको, काचेवर बोटाचा ठसा नको, २ मिनिटं तापमान बसू दे, तीन वाचनं.

आकार उतरवायचे रस्ते तीन.

एक्सट्रूडर (माल बारीक छिद्रांतून ढकलणारं यंत्र): ४००, मग २००, मग १०० नॅनोमीटरच्या पॉलीकार्बोनेट चकतीतून. शेवटच्या चकतीतून ११ वेळा. विषम संख्या अशासाठी की माल पलीकडच्या सिरिंजमध्ये निघावा. पहिल्या सिरिंजमध्ये न गाळलेले चार थेंब राहिलेलेच असतात. ढकलताना हात अचानक हलका पडला तर चकती फाटली, खुशाल थांब. सोयाचं लिपिड शून्याखालीही मऊ असतं, त्यामुळे ते खोलीच्या तापमानाला जातं. हायड्रोजनेटेड सोया घेतलंस तर त्याचं वितळबिंदू पन्नाशीच्या पुढे. हायड्रेशनही ६०-६५ ला आणि एक्सट्रूजनही तिथेच, नाहीतर अंगठे मोडतील पण माल सरकणार नाही.

प्रोब सोनिकेटर: बर्फात, ५ सेकंद चालू ५ बंद, एकूण ५-६ मिनिटं. टोकाचं टायटॅनियम झडतं, राखाडी गाळ दिसतो. तो ३,००० ला खाली बसव. तुझ्या बाबतीत घोळ असा की करक्युमिनचे स्फटिकही त्याच गाळात. आणि प्रोब त्या स्फटिकांनाही बारीक करतो, मग ते वर तरंगतात आणि ‘आत’ मोजले जातात! म्हणून करक्युमिनला प्रोब मला पटत नाही.

तिसरा रस्ता, जो मी घेईन: इथेनॉल इंजेक्शन. लेसिथिन १००, कोलेस्टेरॉल २५, करक्युमिन ३ मिग्रॅ, सगळं २ मिलि इथेनॉलमध्ये ४५-५० अंशांवर विरघळव. १८ मिलि सायट्रेट बफर त्याच तापमानाला चुंबकीय ढवळणीवर, ७००-८०० फेरे. २६ गेजची सुई पृष्ठभागाच्या खाली बुडवून मिनिटाला १ मिलि सोड. इथेनॉल शेवटी १० टक्के होतं, त्याच्यापुढे जाऊ नकोस. आकार साधारण १००-१५० वर येतो, क्लोरोफॉर्म नाही, फिल्म नाही, एक्सट्रूडरही नाही. इथेनॉल नंतर रोटरीवर कमी दाबाने किंवा डायलिसिसने काढ. सुई पृष्ठभागाच्या वर राहिली की थेंबाथेंबाला गुठळी, एवढं सांभाळ.

लेथवरचा_मावळा

मी औषधातला नाही, धातूतला. एक्सट्रूडरची बाहेरून येणारी किंमत बघितली. धारक कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून मिळेल, त्यात काही आकाशातलं नाही. पण काय सांगायचं ते नीट सांगा: स्टील ३१६, ३०४ नको, कारण मिठाच्या द्रावणाने डाग धरतो. चकती ज्यावर टेकते ते पृष्ठ आरशासारखं, भोकांच्या कडेला बर्र अजिबात नको. केसाएवढी धार राहिली तरी चकती पहिल्याच दाबाला कापली जाणार. आतला आधार पीटीएफईचा (टेफ्लॉनचा). रबराच्या सीलचं मला कळत नाही, तुम्ही बघा.

रोटरी_राणी

@लेथवरचा_मावळा, दादा बरोबर. सीलही पीटीएफईच घ्यायचं. आणि सिरिंज काचेच्या. प्लास्टिक सिरिंजच्या रबरी दट्ट्याला सिलिकॉन तेल असतं, ते मालात उतरतं आणि डीएलएसमध्ये कुठला तरी अनोळखी पीक उगवतो. मग आठवडाभर लोक लिपिड बदलत बसतात.

वॉर्ड_नंबर_सात

इस्पितळाच्या औषधविभागातून एक जोड. वर झेटा आणि मिठाचं बोलणं झालं, तो मुद्दा प्रयोगशाळेतच संपत नाही, वॉर्डात त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी, बुरशीवरचं औषध. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या वेळी याचा तुटवडा सगळ्या राज्याने पाहिला. ५० मिग्रॅची कोरडी कुपी. १२ मिलि इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी, फक्त पाणी. लगेच ३० सेकंद जोरात हलवायची. ४ मिग्रॅ प्रति मिलि असं पिवळसर अर्धपारदर्शक द्रावण होतं. सोबत आलेल्या ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, शेवटची तीव्रता १ ते २ मिग्रॅ प्रति मिलि. ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे ५ मिग्रॅ म्हणजे ३०० मिग्रॅ, सहा कुप्या, ७५ मिलि; ते मिळून २५० मिलि केलं की १.२ मिग्रॅ. दोन तासांत द्यायचं.

सलाइन कुठेही नाही. पाण्याऐवजीही नाही आणि डेक्स्ट्रोजऐवजीही नाही. या लायपोसोमच्या पडद्यात ऋणभाराचं लिपिड मुद्दाम घातलेलं असतं, त्या भारामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात. मिठाने तो भार झाकला की कण एकमेकांना चिकटतात, औषध साकळतं. लाइनमधून आधी सलाइन गेलं असेल तर डेक्स्ट्रोजने लाइन धुऊन घ्यायची.

दुसरी आणि याहून मोठी गोष्ट. साधं ॲम्फोटेरिसिनही ५० मिग्रॅच्याच कुपीत येतं. त्याची दिवसाची कमाल मर्यादा किलोमागे १.५ मिग्रॅ. लायपोसोमलचा डोस साध्या कुप्यांतून भरला तर त्याच ६० किलोच्या माणसाला ९० मिग्रॅच्या जागी ३०० जातात. हृदय थांबू शकतं. म्हणून चिठ्ठीवर ‘ॲम्फो’ एवढंच लिहिलेलं स्वीकारायचं नाही. ‘लायपोसोमल’ हा शब्द पूर्ण, आणि कुपी हातात घेऊन दोघांनी वाचायची. (भारतात बनणारा एक प्रकार देण्याआधी सोनिकेटरमध्ये ठेवावा लागतो आणि त्याचं माध्यमही वेगळं असतं. त्यामुळे कुपीसोबतचा कागद बघितल्याशिवाय वरची कृती कशालाही लावू नका.)

पंचगंगा_घाट

वा, मोलाचा प्रतिसाद. अल्ब्युमिनला (रक्तातल्या प्रथिनाला) बांधलेल्या पॅक्लिटॅक्सेलचं, म्हणजे कर्करोगावरच्या औषधाचं, अगदी उलट ना? ते सलाइनमध्येच.

वॉर्ड_नंबर_सात

हो. १०० मिग्रॅच्या कुपीत ९०० मिग्रॅ मानवी अल्ब्युमिन असतं, कण १३० नॅनोमीटरच्या आसपास. २० मिलि सलाइन, कमीत कमी एक मिनिट घेऊन, धार कुपीच्या आतल्या भिंतीवर. पावडरवर थेट मारली की फेस. ५ मिनिटं तशीच ठेवायची, मग दोन मिनिटं हळुवार फिरवायची, हलवायची नाही. फेस झालाच तर १५ मिनिटं वाट बघा. ॲम्फोटेरिसिनची सवय लागलेला हात ही कुपीही गदागदा हलवतो.

डॉक्सोरुबिसिनचं (तेही कर्करोगावरचं) लायपोसोम पुन्हा डेक्स्ट्रोजमध्ये. ९० मिग्रॅपर्यंत २५० मिलि, त्यापुढे ५००. लाइनमध्ये फिल्टर लावायचा नाही. सुरुवात मिनिटाला १ मिग्रॅने.

हळदीघाट_नव्हे_हळदीपेठ

धाग्याचा विषय करक्युमिन आहे म्हणून विचारतो. बाजारात ‘नॅनो करक्युमिन’चे थेंब मिळतात. पाण्यात टाकले की ढग होत नाही, लेझर पॉइंटरची रेघ स्वच्छ दिसते, विक्रेते हेच दाखवतात. पुरावा मानायचा का?

तांबडा_पांढरा

गंगावेशीच्या कट्ट्यावरचं दूध घे, ग्लासभर पाण्यात दोन थेंब टाक, लेझर मार. तिथेही रेघ दिसते. दुधात केसिनचे १०० ते २०० नॅनोमीटरचे गोळे निसर्गतःच असतात, म्हणून काय म्हैस नॅनोतंत्रज्ञ होत नाही. रेघ एवढंच सांगते की उजेड विखुरणारं काहीतरी आहे. त्यात औषध किती आणि ते पोटात टिकतं का, हे रेघेला विचारून उपयोग नाही.

तोंडाने घ्यायच्या लायपोसोमला पोटातलं आम्ल परवडलं तरी पुढे पित्तक्षार आणि फॉस्फोलायपेज त्याचा पडदा सोडवतात. शोषण वाढूही शकतं, पण मग ते ‘अखंड कण रक्तात गेला’ म्हणून नाही, विरघळणं सोपं झालं म्हणून. विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा: बनवल्या दिवशी आकार किती, मुदत संपायच्या दिवशी किती, आणि आतड्याच्या कृत्रिम रसात दोन तासांनी किती. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात मागितलेली माहिती आणि बाटलीवरचं लेबल शेजारी ठेवून बघा.

फ्लास्क_फिरता

रिलीजचा (औषध लायपोसोममधून बाहेर पडण्याचा) प्रश्न राहिला. डायलिसिस पिशवी, १२ किलोडाल्टन, बाहेर साधा बफर. ४८ तासांत ६ टक्के बाहेर आलं. याला ‘दीर्घकाळ मंद मुक्ती’ म्हणता येईल का?

पंचगंगा_घाट

नाही म्हणता येणार. बाहेर विरघळायला जागाच नाही तर ते येईल कुठून? बाहेरच्या बफरमध्ये ट्वीन ८० (साबणासारखं विरघळवणारं द्रव्य) अर्धा ते एक टक्का घाला आणि आधी पाहा की पूर्ण डोसच्या तिप्पट करक्युमिन त्यात विरघळतं का. ट्वीन पिशवीत शिरून लायपोसोमही थोडे फोडतो, म्हणून २४ तासांनी पिशवीतल्या मालाचा आकार पुन्हा मोजा.

आणि एक पिशवी लायपोसोमशिवाय, त्याच ट्वीनमध्ये विरघळवलेल्या मोकळ्या करक्युमिनची. ती सुद्धा रिकामी व्हायला दहा तास घेत असेल तर तुम्ही लायपोसोमची नाही, पिशवीची गती मोजताय. हा कंट्रोल नसलेले आलेख पाहून पाहून डोळे दुखलेत.

वॉर्ड_नंबर_सात

अवांतर, पण प्रबंधाच्या प्रस्तावनेसाठी उपयोगी. ‘क्षेपणास्त्रासारखं थेट कर्करोगाच्या गाठीवर’ असं लिहू नका. २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांचे प्रयोग एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचा मध्यक ०.७ टक्के निघाला. बाकीचे यकृत आणि प्लीहा गिळतात. ५-६ नॅनोमीटरहून बारके मूत्रपिंडातून निघून जातात, २०० च्या पुढचे प्लीहेत अडकतात. म्हणून सगळ्यांची धडपड १०० च्या आसपास राहायची. १९९५ ला अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचा मोठा फायदा गाठीत किती जास्त गेलं यापेक्षा हृदयात किती कमी गेलं हा आहे. त्याची किंमत तळहात-तळपायांची कातडी मोजते, लाल होऊन सोलते.

रोटरी_राणी

कोणी एमआरएनए लशींकडे धागा नेण्याआधी: त्यांतले लिपिडचे कण लायपोसोम नव्हेत, त्यांची रीतही वेगळी. आम्लधर्मी बफरमधला एमआरएनए आणि इथेनॉलमधले चार लिपिड ३:१ प्रवाहाने मिलिसेकंदांत मिसळावे लागतात. पुण्याच्या जिनोव्हाने तर एमआरएनए कणाच्या आत न कोंबता पृष्ठभागावर धरला, आणि २०२२ ला परवानगी मिळालेली ती लस सुकवलेल्या रूपात साध्या २ ते ८ अंशांच्या फ्रीजमध्ये राहते. वेगळा धागा काढा, येईन.

फ्लास्क_फिरता

मंडळी, लई उपकार. तर असं ठरवतो: इथेनॉल इंजेक्शन, करक्युमिन ३ मिग्रॅ, सायट्रेट पीएच ६, मंद सेंट्रिफ्यूज, दोन्ही भाग मोजून बेरीज. वाचनासाठी ०.१ मिलि घेऊन मिथेनॉलने ५ मिलि करीन. शेवटी निर्जंतुक करायला ०.२२ चा सिरिंज फिल्टर की ऑटोक्लेव्ह?

तांबडा_पांढरा

ऑटोक्लेव्ह नको. १२१ अंशांना लेसिथिनचं जलविघटन होतं, करक्युमिनही जातं. ०.२२ चा फिल्टर, पण इथेनॉल काढल्यावर आणि आकार १५० च्या आत असेल तरच. फिल्टरच्या आधी आणि नंतर औषध मोज. पिवळा झालेला फिल्टर म्हणजे माल आत राहिला.

पातळीकरण बरोबर आहे. २० मिलित ३ मिग्रॅ म्हणजे मिलिला १५० मायक्रोग्रॅम, पन्नास पट पातळ केल्यावर ३. प्रमाण वक्र (माहीत असलेल्या तीव्रतांचा) १ ते ५ मायक्रोग्रॅमचा काढ, ३ मधोमध बसेल. रिकाम्या लायपोसोमची एक नळी त्याच पटीत मिथेनॉलमध्ये घालून ब्लँक धर, नुसतं मिथेनॉल नको. लिपिडमुळे थोडी धुंदी राहते आणि ती औषध म्हणून मोजली जाते. टिकलीची नळी फॉईलमध्ये, वाचन त्याच दिवशी.